ड्रॅगनांचे अमरत्व (द एल्डर स्क्रोल्स)

‘द एल्डर स्क्रोल्स’ या व्हिडिओ गेम मालिकेतील ड्रॅगन अमर असल्याचे वारंवार सांगितले जाते, आणि खेळाडू त्यांना वारंवार ठारही करतात. या विसंगतीचा उलगडा हा मालिकेच्या लोअरमधील, म्हणजे तिच्या काल्पनिक जगाच्या इतिहास-पुराणातील, सर्वांत रंगणाऱ्या विषयांपैकी एक आहे.

प्रश्नाला धार आली ती २०११ च्या ‘स्कायरिम’मुळे. या गेमनुसार ड्रॅगन ही काळाचा देव अकाटोश याची संतती. शरीर पडले तरी त्यांचा आत्मा टिकतो, म्हणूनच जगभक्षक म्हणवणारा ड्रॅगन अल्डुइन टेकाडांखाली पुरलेल्या सांगाड्यांना पुन्हा उठवू शकतो. काइन्सग्रोव्ह या गावाजवळ साहलोकनीर हा ड्रॅगन असा उठताना खेळाडूला प्रत्यक्ष दिसतो. मेलेल्या ड्रॅगनचा आत्मा शोषून त्याला कायमचे संपवणे केवळ ड्रॅगनबॉर्नला, म्हणजे ड्रॅगनचा आत्मा घेऊन जन्मलेल्या मर्त्याला (इथे खेळाडूच्या पात्राला), जमते.

गोंधळाचे निम्मे मूळ ‘अमर’ हा शब्द सैलपणे वापरण्यात आहे. अजर, अमर आणि अवध्य या तीन निरनिराळ्या गोष्टी. स्कायरिममधील ड्रॅगन अजर आहेत, आत्म्याने अमर आहेत, पण अवध्य मुळीच नाहीत. साध्या पहारेकऱ्यांच्या बाणांनीही ते कोसळतात. ‘ड्रॅगनरेंड’ ही ड्रॅगनांच्या भाषेतील जादुई गर्जना याचा उत्तम पुरावा ठरते. तिच्या तीन शब्दांचे अर्थ मर्त्य, सांत आणि क्षणिक असे आहेत. ती अंगावर आली की ड्रॅगनला मरण म्हणजे काय हे अनुभवावे लागते, आणि तो जमिनीवर येतो. पार्थुर्नाक्स हा ज्ञानी ड्रॅगनसुद्धा ती शिकवू शकत नाही, कारण ती कल्पनाच त्याच्या आकलनापलीकडची आहे. म्हणजे इथले अमरत्व हे अंगावरचे चिलखत नसून मनाची घडण आहे. मालिकेतील ही सर्वांत सुंदर कल्पना म्हणावी लागेल.

जुन्या गेममधील प्रसंग मात्र या नियमात ओढूनताणून बसवावे लागतात. ‘रेडगार्ड’मध्ये (१९९८) गेमचा नायक सायरस हा नाफालिलार्गस या ड्रॅगनला मारतो, तेव्हा आत्मा शोषण्याची कल्पनाच मालिकेत नव्हती. शिवाय गेममधील ग्रंथ त्या जगातल्याच पात्रांनी लिहिलेले, त्यामुळे त्यांचा शब्द अंतिम मानता येत नाही.

खरा पेच अल्डुइनचा. सोव्हनगार्ड या वीरांच्या परलोकात तो पडतो, पण त्याचा आत्मा खेळाडूला मिळत नाही. जगाचा घास घेण्याचे आपले काम पुरे करायला तो काळाच्या अंती परत येऊ शकेल, असे खेळाडूला गर्जना शिकवणारा साधू आर्नगीअर सुचवतो. हे उत्तर पटण्याजोगे आहे.

‘डॉनगार्ड’ या स्कायरिमच्या विस्तारातील (२०१२) डर्नेव्हीर हा ड्रॅगन तर कितीही वेळा पाडला तरी मरत नाही, कारण तो सोल केअर्न या मृतात्म्यांच्या जगाशी बांधला गेला आहे. तिथून फार काळ दूर राहिलो तर शक्ती ओसरत जाऊन आपण नाहीसे होऊ, हे तो स्वतःच सांगतो. तरीही टॅम्रिएलच्या, म्हणजे जिथे ही कथा घडते त्या खंडाच्या, आकाशात, घटकाभर का होईना, मला बोलाव, अशी विनवणी तो खेळाडूला करतो.