म्हशींचे क्लोनिंग

नर-मादीच्या संयोगाशिवाय, एखाद्या जनावराच्या शरीरातील पेशीपासून त्याच जनुकांचे दुसरे जनावर जन्माला घालणे म्हणजे क्लोनिंग. प्रौढ पेशीतून सस्तन प्राणी घडू शकतो, हे स्कॉटलंडमध्ये ५ जुलै १९९६ रोजी जन्मलेल्या डॉली मेंढीने सिद्ध केले. भारतात हे तंत्र म्हशींवर रुजवले ते हरियाणातील कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेने.

तिथली पद्धत प्रामुख्याने हातकौशल्याची आहे. कत्तलखान्यातून आणलेल्या अंडाशयांतील अंडपेशी प्रयोगशाळेत पक्व करतात आणि त्यांचे बाह्य आवरण विकराने (एन्झाइमने) विरघळवतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली बारीक पात्याने केंद्रकाचा, म्हणजे जनुके असलेला, भाग कापून टाकतात. असे दोन केंद्रकहीन तुकडे आणि निवडलेल्या जनावराची एक पेशी विजेच्या हलक्या झटक्याने एकजीव करतात. साधारण आठवडाभर वाढवलेला भ्रूण दुसऱ्या म्हशीच्या गर्भाशयात सोडतात. पुढे सुमारे दहा महिन्यांचा गाभणकाळ. एरवी लागणारे महागडे यंत्र इथे लागत नाही, हे या पद्धतीचे मोठेच यश.

६ फेब्रुवारी २००९ रोजी जन्मलेली पहिली पारडी काही दिवसांतच दगावली. त्याच वर्षी जूनमध्ये जन्मलेली ‘गरिमा’ सुमारे दोन वर्षे जगली. २०१० मधील ‘गरिमा-२’ मात्र वाढली, माजावर आली आणि जानेवारी २०१३ मध्ये व्याली.

खरा उपयोग रेड्यांचा आहे. कृत्रिम रेतनासाठी सिद्ध वंशाचे रेडे अपुरे पडतात. उत्तम रेड्याची प्रतिकृती मिळाली, तर त्याच गुणांचे वीर्य तो मेल्यानंतरही मिळत राहते. दुधासाठी एकेक म्हैस क्लोन करणे मात्र परवडणारे नाही, आणि दूध चारा-निगेवरही ठरते.

अपयशाचे प्रमाण फार मोठे आहे. डॉलीच्या वेळी २७७ जुळवलेल्या पेशींतून एकच कोकरू जन्मले. प्रौढ पेशीतील जनुकांवरच्या रासायनिक खुणा पूर्णपणे पुसल्या जात नाहीत. त्यामुळे गर्भाला पोसणारी वार नीट वाढत नाही, गर्भ गळतो किंवा फाजील मोठा होतो आणि प्रसूती अडते. ही झळ गर्भ वाहणाऱ्या म्हशीला बसते. यशाच्या बातम्यांत तिचा उल्लेखही नसतो, हे खटकते. शिवाय थोड्याच रेड्यांचे वीर्य सर्वत्र गेले, तर कळपांतले वैविध्य घटते आणि एखादी साथ सगळ्यांनाच सारखी भोवू शकते. म्हणून क्लोन रेड्यांबरोबर जातीतील इतर वंशावळीही राखाव्या लागतात.