वेत, कुत्रीचे : पिल्लांची संख्या व आकार

एका गाभणपणात कुत्रीला होणाऱ्या सर्व पिल्लांस मिळून वेत म्हणतात. बेळगाव, चिकोडी, अथणी, रायबाग या सीमाभागात आणि लगतच्या मुधोळ परिसरात (जि. बागलकोट) मळ्यातल्या वस्तीवर मुधोळ किंवा कारवान कुत्री पाळतात. या जातीचे मूळ बहुधा सालुकीसारख्या पश्चिम आशियाई शिकारी कुत्र्यांत असावे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ती जोपासली. २००५ मध्ये तिचे टपाल तिकीट निघाले.

पिल्लांची संख्या मुख्यतः जातीच्या आकारमानावर ठरते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील दहा हजारांहून अधिक वेतांच्या पाहणीत सरासरी ५.४ पिल्ले आढळली. सर्वांत लहान जातींत ३.५, तर सर्वांत थोर जातींत ७.१. मादीचे वय साधारण पाचाच्या पुढे गेले की संख्या उतरते. जवळच्या नात्यातील जोड्या लावल्यासही ती घटते. मोजक्या नामांकित नरांवर भिस्त असलेल्या जातीत हे विशेष ध्यानात घ्यावे.

‘नर दांडगा तर वेत भरघोस’ या समजुतीला आधार तोकडा आहे. किती अंडी सुटणार हे मादी ठरवते. नराचे वीर्य निकृष्ट असेल तर संख्या घटेल, पण उत्तम वीर्याने सुटलेल्या अंड्यांपलीकडे ती वाढत नाही. खरी मेख दिवसांची आहे. कुत्रीची अंडी अपक्व अवस्थेत सुटतात आणि फलनयोग्य होण्यास आणखी दोन-तीन दिवस घेतात. म्हणून माजाचे दिवस केवळ रक्तस्रावावरून मोजून एकदाच नर दाखवला, तर कुत्री रिकामी राहते किंवा दोन-तीनच पिल्ले देते. रक्तातील प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची (हार्मोनची) तपासणी अधिक भरवशाची. अंडी सुटल्यापासून सुमारे ६३ दिवसांनी कुत्री विते. नर लागल्याच्या तारखेवरून केलेला हिशेब आठवडाभरही चुकू शकतो.

जन्मवेळच्या आकारावरही आईचीच पकड असते. १९३८ मध्ये वॉल्टन व हॅमंड या ब्रिटिश संशोधकांनी घोड्यांच्या थोर शायर व लहान शेटलंड जातींचा उलटसुलट संकर केला, म्हणजे एकदा शायर आई व शेटलंड बाप, तर एकदा त्याउलट. शायर घोडीचे शिंगरू शेटलंड घोडीच्या शिंगरापेक्षा जन्मतः सुमारे तिप्पट भरले. कुत्र्यांतही हेच तत्त्व दिसते. प्रौढपणीच्या आकारात मात्र बापाचा वाटा पुरा असतो. लहान जातींत आढळणारा, शरीराच्या वाढीशी निगडित आयजीएफ-१ जनुकाचा प्रकार २००७ मध्ये उजेडात आला.

वेत मोठे तितकी पिल्ले हलकी. त्यातले खुरटे पिल्लू ‘उशिरा राहिलेले’ असते असे सांगतात, पण अंडी थोड्याच अवधीत सुटतात. गर्भाशयातील जागा आणि वार (गर्भाला पोसणारा भाग) यांची कमतरता हे कारण अधिक पटते. अशा पिल्लाच्या गळ्यात रंगीत दोरा बांधून त्याला रोज किराणा काट्यावर तोलावे. निरोगी पिल्लाचे वजन सात ते दहा दिवसांत दुप्पट होते.