"मला गळाच नाही"

नवरात्रात भोंडल्याचा फेर धरला की दोन-तीन जणी हमखास मागे सरकतात. "तुम्ही म्हणा गं, मला गळाच नाही." हे ऐकलं की मला राहवत नाही. भोंडल्याची बहुतेक गाणी चार-पाच सुरांतच फिरतात. सुरांमधला फरक जन्मतःच न कळणारी माणसं असतात, पण शंभरात फार तर चार; अलीकडच्या एका मोठ्या मोजणीत तर दोनहूनही कमी. बाकीच्यांना सूर नीट ऐकू येतो. अडतं ते स्नायूंपाशी.

स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात, बायकांमध्ये साधारण दीड सेंटिमीटरचे. खालून येणाऱ्या हवेने ते उघडतात, मिटतात. सेकंदाला 240 वेळा असं झालं की 240 हर्ट्झचा सूर. आता शाळेतला तारेचा नियम आठवा: तार जितकी लांब, तितका सूर खाली. गंमत अशी की वरचा सूर लावताना स्वरतंतू आखूड होत नाहीत, लांबतात! मग सूर चढतो कसा? लांबीपेक्षा ताण कितीतरी वेगाने वाढतो म्हणून. स्वरतंतूत कोलॅजेनचे नागमोडी धागे असतात. सैल असताना ते सहज ओढले जातात, सरळ झाले की एकदम ताठरतात. सूत्रात प्रतिबलाचं, म्हणजे दर क्षेत्रफळामागच्या ताणाचं, वर्गमूळ येतं. त्यामुळे मध्य सा वरून तार सा वर जायला, म्हणजे कंपनं दुप्पट करायला, प्रतिबल चौपट लागतं. वर लांबी वाढल्याचा तोटाही भरून काढायचा, म्हणून चौपटीहूनही जास्त.

हे ताणणं बोटाला कळतं. कंठमण्याच्या जरा खाली बोट अलगद ठेवा. दोन कूर्चांमध्ये एक बारीकशी खाच लागेल. आता 'आ' म्हणत खालून वर सूर ओढत न्या. खाच मिटत जाते. पुढची कूर्चा कलली आणि तिला मागच्या बाजूने जोडलेले स्वरतंतू ताणले गेले. हा प्रयोग मी जमेल त्याला करायला लावते.

कान चूक पकडतो, पण गळ्याने ती दुरुस्त करायला सेकंदाचा दहावा भाग तरी जातो. भरभर चालणाऱ्या गाण्यात तोवर पुढचा सूर आलेला असतो. म्हणून कुठल्या सुराला किती ताण, हा अंदाज मेंदूला आधीच बांधावा लागतो. तो फक्त म्हणून म्हणूनच बसतो. भोंडल्याच्या गाण्यात तीच चाल कडव्यामागून कडवी येत राहते, याहून चांगला रियाज कुठला?

मध चाटून 'गळा सुटतो' ही समजूत मात्र सोडा. गिळलेलं अन्ननलिकेत जातं, स्वरतंतूंना शिवतसुद्धा नाही. शिवलं असतं तर जोराचा ठसका लागला असता. आठवड्यात आवाज घडवून देण्याच्या जाहिरातीही त्यातल्याच.

सुरुवात करताना पेटीच्या मागे लागू नका. यंत्राच्या सुरापेक्षा माणसाच्या आवाजाशी, त्यातही स्वतःच्या ध्वनिमुद्रित आवाजाशी सूर जुळवणं लोकांना सोपं जातं, असं प्रयोगांत दिसलं आहे. फोनवर एकच सूर सहज लागेल तिथे 'आ' करून रेकॉर्ड करा आणि त्यालाच सा मानून पहिली ओळ सावकाश म्हणा.