डेल्फ्ट टाइल

नेदरलँड्समधील घरांत भिंतींना लावल्या जाणाऱ्या, पांढऱ्या झिलईवर निळी चित्रे काढलेल्या मातीच्या टाइल. नाव डेल्फ्ट या डच शहराचे असले तरी बहुतेक टाइल रॉटरडॅम, उट्रेख्त, हार्लिंगन, मक्कम येथील भट्ट्यांतून निघाल्या. डेल्फ्टची ख्याती ताटे आणि फुलदाण्यांची. डच ईस्ट इंडिया कंपनीने (स्थापना १६०२) आणलेल्या चिनी पोर्सेलिनमुळे (पांढऱ्या, कठीण चिनी मातीच्या भांड्यांमुळे) निळ्या-पांढऱ्याची आवड रुजली. सतराव्या शतकाच्या मध्यास चीनमधील यादवीने आवक आटली आणि स्थानिक कुंभारांचे फावले.

माल मात्र पोर्सेलिन नव्हे, साधी भाजकी माती. तिच्यात चुनायुक्त माती मिसळतात. चुना कमी पडला तर झिलईला केसासारखे तडे जातात. माती लाटून सुमारे १३ सेंमीचे चौकोन कापतात. कापताना वापरायच्या फळीला कोपऱ्यांत खिळे असत. त्यांची बारीक टोचणी जुन्या टाइलवर आजही दिसते. सुमारे १००० अंशांवर पहिली भाजणी झाली की शिसे व कथील यांची झिलई चढवतात. कथिलामुळेच ती दुधी, अपारदर्शक होते. टोचलेल्या कागदावर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटून खाका उतरवतात आणि कोबाल्टच्या निळ्या रंगाने रंगवतात. कच्ची झिलई टीपकागदासारखी रंग शोषते, त्यामुळे खोडाखोड अशक्य. मग दुसरी भाजणी. मधोमध खेळणारी मुले, जहाजे किंवा बायबलमधले प्रसंग. कोपऱ्यांत ‘बैलाचे डोके’ किंवा ‘कोळी’ (आठ पायांचा) ही नक्षी. चार टाइल जुळल्या की कोपऱ्यांचे वेगळेच फूल बनते, म्हणून एकटी टाइल चौकटीत टांगणे म्हणजे अर्धीच नक्षी पाहणे.

सजावटीआधी त्यांचा उपयोग होता. ओल आणि पोतेऱ्याच्या शिंतोड्यांपासून चुन्याची भिंत वाचावी म्हणून जमिनीलगत एकच रांग लावत. डच चित्रकार व्हर्मेरच्या ‘दूधवाली’ या चित्रात ती दिसते. शेकोटीभोवती मात्र भिंतभर लावत. उदयपूरच्या राजवाड्यातील चिनी चित्रशाळेतही डच टाइल आहेत.

जुन्या टाइल चुन्याच्या गाऱ्यातच बसवाव्यात. सिमेंटमध्ये बसवलेल्या काढताना फुटतात. भिंतीतून चढलेले क्षार झिलईमागे साचून तिचे पोपडे उडवतात. अशा टाइल क्षारविरहित पाण्यात, पाणी बदलत, अनेक दिवस भिजवतात. पोपडे आधीच सुटले असतील तर भिजवण्यापूर्वी ते पक्के करावे लागतात, एरवी चित्रच पाण्यात उतरते. व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर वापरू नये: आम्ल तड्यांतून चुनायुक्त मातीत शिरून ती पोखरते.