पार्श्वभूमी : भुसावळचं यार्ड आणि दोन फाटे

नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगाव–मनमाड चौथा मार्ग (१६० किमी) आणि भुसावळ–खंडवा तिसरा-चौथा मार्ग (१३१ किमी) मंजूर झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये वर्धा–भुसावळ तिसऱ्या-चौथ्या मार्गाचीही (३१४ किमी) भर पडली. तिन्ही दिशांनी रूळ वाढणार आणि ते सगळे येऊन मिळणार भुसावळला. त्यामुळे या स्टेशनाची रचना मुळात कशी झाली, हा विषय आज पुन्हा कामाचा झाला आहे.

रेल्वे खानदेशात आली १८६० च्या दशकात, कापसाच्या ओढीने. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने (१८६१–६५) विलायतेतल्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि खानदेश-वऱ्हाडच्या गाठींना एकदम भाव आला. थळ घाट (कसाऱ्याचा घाट) १ जानेवारी १८६५ ला खुला झाला. त्याआधीच घाटाच्या वरच्या बाजूला गाड्या धावू लागल्या होत्या, पण मधला उतार बैलगाडीनेच पार करावा लागे. नागपूर १८६७ मध्ये जोडलं गेलं. खंडवा-इटारसीकडचा फाटा १८७० मध्ये जबलपूरला पोचला आणि मुंबई-कलकत्ता सलग झाली. भुसावळलाच हे दोन फाटे फुटण्यामागे तापी आहे. खंडव्याच्या गाडीला ती ओलांडावी लागते, नागपूरची गाडी दक्षिण काठाने निघून जाते. रेल्वे येण्याआधी भुसावळ म्हणजे एक खेडं होतं.

गाव वाढलं ते वाफेच्या इंजिनामुळे. लांबच्या गाडीला एकच इंजिन शेवटपर्यंत चालत नसे. ठरावीक पल्ल्यानंतर ते सोडायचं, आग पाडायची, राख खड्ड्यात काढायची, जाळी साफ करायची, कोळसा-पाणी भरायचं आणि ठरल्या मुदतीला बॉयलर धुवायचा. पाण्यात क्षार जास्त असले की बॉयलरच्या नळ्यांवर थर बसतो, उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, कोळसा जास्त लागतो आणि शेवटी नळ्या गळू लागतात. म्हणून मोठं शेड बारमाही नदीजवळच लागतं. इथे तापी होती. एका इंजिनामागे ड्रायव्हर आणि दोन फायरमन धरले, तर शेडभोवती किती घरं लागत असतील याचा अंदाज येतो. फायरमनला इथे ‘आगवाला’ म्हणत, आणि त्यांच्या वस्तीचं ‘आगवाली चाळ’ हे नाव आजही पत्त्यात लिहिलं जातं. साहेबांसाठी ‘पंधरा बंगला’. शहराच्या जुन्या वास्तुरचनेत हाच फरक दिसतो. बंगले मोठ्या आवारात, सुटे सुटे. चाळी शेडला खेटून, म्हणजे बोलावणं आलं की माणूस लगेच ड्यूटीवर हजर.

आता यार्डाबद्दल. ‘भुसावळचं यार्ड आशियात दुसऱ्या क्रमांकाचं’ हे वाक्य जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ असतं. कोणी दुसऱ्याच्या जागी पहिलं म्हणतं, कोणी यार्डाच्या जागी लोको शेड. घोळ शब्दातच आहे. ‘यार्ड’ म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात चार वेगळ्या गोष्टी असू शकतात : मालगाड्या फोडून नव्याने जोडायच्या लाइनी, इंजिनांचं शेड, प्रवासी डबे धुण्या-तपासण्याच्या पिट लाइनी, किंवा स्टेशनाच्या दोन टोकांच्या सिग्नलांमधला अख्खा पट्टा. मोजमापही चार तऱ्हांचं. लांबी, लाइनींची संख्या, एका वेळी मावणाऱ्या वॅगनी, की दिवसाला हाताळलेल्या वॅगनी? शेडचा आकार तर मुक्कामी इंजिनांवरून ठरतो, त्याचा लाइनींच्या लांबीशी संबंध नाही. हे न सांगता दिलेला क्रमांक निरर्थक ठरतो. भुसावळचं मोठेपण त्या क्रमांकावर अवलंबून नाही, म्हणून तो सोडून दिलेला बरा.

खरं मोठेपण कामात होतं. चारचाकी वॅगनीत जेमतेम बावीस-तेवीस टन माल बसे आणि एकाच गाडीत दहा ठिकाणचा माल असे. चाळीसगावची सरकी, बऱ्हाणपूरचा कापूस, नागपूरकडचा कोळसा. गाडी आली की इंजिन सोडायचं, वॅगनीवरचं लेबल वाचायचं, वॅगनी जोडणारं स्क्रू कपलिंग ढिलं करून आकडा उचलायचा, ब्रेकचा व्हॅक्यूम पाइप सोडायचा आणि शंटिंग इंजिनाने एकेक तुकडा आपापल्या लाइनीत ढकलायचा. पॉइंट्समन, म्हणजे वॅगनी जोडणारा-सोडणारा कामगार, दोन बफरांच्या मधे वाकून शिरे. मराठी-हिंदी मिसळलेल्या हाका आणि रात्रीचा हातदिवा, एवढ्याच भरवशावर. लेबल चुकलं तर वॅगन भलत्याच फाट्याला लागे आणि आठवडाभराने परत येई. कपलिंग नीट आवळलं नाही तर पुढच्या चढावर गाडी तुटे.

हे काम संपलं ते सबंध रेकची, म्हणजे एकाच मालाची अख्खी गाडी एकाच ठिकाणी नेण्याची, पद्धत आल्यावर. अठ्ठावन्न-एकोणसाठ बॉक्सएन (उघड्या) वॅगनींची एकसंध रेक खाणीपासून वीजकेंद्रापर्यंत तशीच जाते. भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्राचा कोळसा असाच येतो. अशा रेकला वाटेत फोडायचंच नसतं. १९८० च्या दशकापासून सुट्या वॅगनींचा माल रेल्वेने जवळजवळ सोडूनच दिला, आणि छोट्या व्यापाऱ्याची एक-दोन वॅगनीची सोय गेली ती कायमची. खानदेशच्या बाजारपेठांचं हे मोठं नुकसान होतं. त्याची पुरेशी चर्चा तेव्हाही झाली नाही, आजही होत नाही.

विजेच्या तारांनी भुसावळला मधली वीस वर्षं वेगळंच महत्त्व दिलं. मुंबई–इगतपुरी १९३० पासून १५०० व्होल्ट डीसीवर होती. पुढे इगतपुरीपासून २५,००० व्होल्ट एसीची तार १९६० च्या दशकाच्या अखेरीस भुसावळला पोचली आणि इथेच थांबली. ती नागपूरकडे आणि इटारसीकडे सरकायला १९९० च्या आसपासचा काळ उजाडला. म्हणजे मुंबईहून निघालेल्या गाडीचं इंजिन एकदा इगतपुरीला आणि पुन्हा भुसावळला बदले. इथला लांबलेला थांबा, फलाटावरची केळी-भज्यांची विक्री, विद्युत लोको शेड, इंजिन दुरुस्तीचा कारखाना हे सगळं त्याच काळात बळावलं. तार पुढे गेली तसा थांबा आखडला. शेड आणि कारखाना राहिले, आणि शहराचा बराच रोजगार आजही त्यांच्यावर उभा आहे.

नव्या मार्गांच्या दृष्टीने कळीची गोष्ट पूर्वेकडच्या सांध्यात, म्हणजे दोन फाटे वेगळे होतात त्या जागी, आहे. डाव्या बाजूने चालायचा नियम. मुंबईकडून पूर्वेला तोंड करून उभं राहिलं तर डाउन लाइन (मुंबईपासून दूर जाणारी) डावीकडे, अप (मुंबईकडे येणारी) उजवीकडे. खंडव्याचा फाटा डावीकडे वळतो, नागपूरचा उजवीकडे राहतो. डाउन खंडवा आणि अप नागपूर एकमेकांना आडवे येत नाहीत. पण डाउन नागपूर गाडीला अप खंडव्याची वाट कापूनच जावं लागतं. सांधा एकाच पातळीवर असेल तर दोघींपैकी एक स्टेशनाबाहेर होम सिग्नलला उभी राहणार, आणि मालगाडी असली तर ती सबंध सांध्यावरून सरकेपर्यंत मागची एक्स्प्रेसही अडणार. नुसत्या लाइनी वाढवून हा गुंता सुटत नाही, तिथे वरून जाणारा रेल्वे उड्डाणमार्गच लागतो. जळगावला सुरतकडच्या मार्गाचंही तेच. भुसावळहून मुख्य मार्गाने येऊन सुरतेला वळणारी गाडी समोरच्या लाइनीला छेद देते. जळगाव–भुसावळ या २४ किमीत तिसरी-चौथी लाइन आधीच टाकली गेली.

सुरतेचा हा मार्ग १९०० चा. वेगळ्या कंपनीने बांधला, म्हणून १९५१ च्या फेररचनेत तो पश्चिम रेल्वेकडे गेला. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव अजूनही मुंबईच्या विभागात आहेत, आणि भुसावळ दुसऱ्या झोनमध्ये, मध्य रेल्वेत. अमळनेरहून भुसावळच्या गाडीची वेळ बदलायची तरी दोन झोनांचं एकमत लागतं. पाचोरा–जामनेरची नॅरो गेज २०२० मध्ये थांबली ती थांबलीच, तिचं ब्रॉड गेज व्हायचं आहे. धुळ्याचा चाळीसगावहून येणारा फाटा मनमाड–इंदूर (३०९ किमी, मंजुरी सप्टेंबर २०२४) पूर्ण झाल्यावर पुढे जोडला जाईल.

केळीचं गणित मात्र आजही जुन्याच प्रश्नावर अडतं. रावेर, निंभोरा, सावदा ही तिन्ही स्टेशनं खंडवा फाट्यावर आहेत. पार्सल व्हॅनमध्ये साधारण तेवीस टन माल बसतो आणि दिल्लीच्या वाटेवर तो हिरवाच राहावा लागतो. डब्यात हवा खेळली नाही, किंवा गाडी उन्हात अर्धा दिवस उभी राहिली, की घड आतून तापतात, एक पिकला की शेजारचेही पिकतात आणि बाजारात पोचेपर्यंत भाव पडलेला असतो. सावदा स्टेशनाची नवी इमारत २२ मे २०२५ ला खुली झाली. केळीवाल्याला तिच्याइतकीच गरज आहे ती लांब मालधक्क्याची, त्यावर सावलीची, आणि भरलेली गाडी लगेच निघेल अशा वेळापत्रकातल्या जागेची.