गोधडीतलं कापड कसं बदललं?

घरच्या घरी गोधडी, दुपटं किंवा बसकर शिवायला घेणारे बहुतेक जण कपाटातल्या जुन्या साड्यांपासून सुरुवात करतात, आणि अडतातही तिथेच. आईच्या आणि सासूबाईंच्या साड्यांचा ढीग उपसला की त्यात सुती कमी आणि सिंथेटिकच जास्त निघतात. त्या साड्या फाटलेल्या नसतात, विटलेल्या नसतात. सुईखाली मात्र निसटतात, आणि शिवून झालेली गोधडी आजीच्या गोधडीसारखी अंगाला लागत नाही. शिवणाऱ्याला वाटतं, आपला हातच बसलेला नाही. हाताचा दोष यात फार थोडा असतो. घराघरांतलं जुनं कापड सुती राहिलं नाही, त्यामागे गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतल्या काही घडामोडी आणि एक सरकारी निर्णय आहे.

जुन्याला जुनं जोडून अंथरूण-पांघरूण करण्याची रीत फार मागची. टाकून दिलेल्या चिंध्या धुऊन, रंगवून, जोडून केलेलं भिक्खूंचं चीवर पाली ग्रंथांत आहे, आणि त्याची ठिगळं मगधातल्या भातखाचरांसारखी आखावीत असंही तिथे सांगितलं आहे. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, सिंधची रल्ली आणि उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकांची कवंदी ही सगळी आपल्या गोधडीची भावंडं. कवंदी तर फारच जवळची. तीही कडेने शिवत शिवत आत येते आणि तिच्या चारही कोपऱ्यांना घड्या घातलेली छोटी कापडं लावल्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत.

आज आपण जिला पारंपरिक म्हणतो ती गोधडी मात्र बरीचशी गिरणीच्या काळातली आहे. मुंबईत 1854 साली पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली आणि 1856 पासून ती चालू लागली. पुढच्या शंभर वर्षांत धोतरं, लुगडी, मांजरपाट आणि पॉपलीन गावोगावच्या आठवडी बाजारात पोचलं. कापड स्वस्त झालं, पण फेकून देण्याइतकं स्वस्त कधीच नव्हतं. नऊवारी लुगडं मधोमध विरलं की तो भाग कापून काढायचा, दोन्ही धड तुकडे जोडून दंड घालायचा आणि तेच पुन्हा नेसायचं. तेही विरलं की त्याची दुपटी, लंगोट, पोतेरी. गोधडीच्या वाट्याला यायचं ते असं शेकडो वेळा धुतलेलं, मऊ झालेलं सूत. दुसऱ्या महायुद्धात, 1943 पासून, कापडावर सरकारी नियंत्रण आलं. ‘कंट्रोलचं कापड’ हा शब्द तेव्हापासूनचा. त्या टंचाईत वाढलेल्या बायकांनी आयुष्यभर चिंधीसुद्धा टाकली नाही, त्याचं नवल वाटायला नको.

या मऊ सुतावरच गोधडीचं सगळं तंत्र उभं आहे. खाली एक लुगडं, वर एक लुगडं, मध्ये धोतरं, सदरे, परकर यांचे उसवून सपाट केलेले तुकडे. चारही बाजूंना लांब टाके घालून थर टाचायचे, मग कडेपासून धावदोरा घालत चौकोनी फेऱ्यांनी मध्यापर्यंत यायचं. चार-पाच थरांतून सुई सहज जाते ती कापड विरलेलं असतं म्हणून. थर एकमेकांना धरून राहतात तेही सुताच्या खरखरीतपणामुळे. नव्या, खळ असलेल्या कापडाचे तेवढेच थर घेतले तर बोटं सोलवटतात. जुनं कापड वापरण्यात काटकसर होतीच, पण शिवणाची गरजही तीच होती. गोधडीबद्दल हळवं होऊन बोलताना ही गोष्ट नेहमी निसटते.

आता त्या निर्णयाकडे येऊ.

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. संपाआधीच गिरण्यांची यंत्रं जुनी झाली होती आणि यंत्रमाग त्यांची बाजारपेठ खात होते. संपाने ती घसरण पक्की केली. त्याच वर्षी, मुंबईपासून थोड्याच अंतरावर, रायगड जिल्ह्यातल्या पाताळगंगेला पॉलिएस्टर धाग्याचा मोठा खासगी कारखाना चालू झाला. साधं सुती कापड विणणारी जुनी व्यवस्था आणि पॉलिएस्टर धागा काढणारी नवी व्यवस्था एकाच वर्षी एकमेकींना ओलांडून गेल्या, तेही एकाच राज्यात.

तोवर सरकारच्या लेखी सिंथेटिक कापड ही चैनीची वस्तू होती. त्याच्या धाग्यावर जबर अबकारी कर होता आणि गरिबांसाठी स्वस्त सुती कापड काढण्याचं बंधन गिरण्यांवर, नंतर मुख्यतः हातमागांवर होतं. जून 1985 मध्ये केंद्राने नवं वस्त्रोद्योग धोरण जाहीर केलं. वाढत्या लोकसंख्येला परवडेल अशा भावात, बऱ्या दर्जाचं, भरपूर कापड मिळावं हे त्याचं मुख्य उद्दिष्ट. त्यासाठी कापूस आणि मानवनिर्मित धागा यांत उत्पादकाला मोकळीक मिळाली, मानवनिर्मित धाग्यावरचे कर टप्प्याटप्प्याने उतरवायचं ठरलं आणि तोट्यातल्या गिरण्या बंद करण्याची वाटही मोकळी झाली.

धोरणाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा हलका नव्हता. सुती लुगडं दीड-दोन वर्षांत विरतं, टेरीकॉट आणि पॉलिएस्टर कितीतरी वर्षं चालतं. पावसाळ्यात रात्रीतून वाळतं, इस्त्री लागत नाही, रंग टिकतो. दोनच साड्यांवर वर्ष काढणाऱ्या शेतमजूर बाईला हा फरक किती मोठा वाटला असेल, हे सुती कपड्यांचं कौतुक करणाऱ्या शहरी माणसाने एकदा तरी मनात आणावं. सिंथेटिक ही श्रीमंतांची चैन नाही, गरिबाची बचत आहे, असं तेव्हा म्हटलं गेलं, आणि वापराच्या हिशेबात ते बरंच खरं होतं.

विरोधी बाजू कापसाची होती. महाराष्ट्रात 1972-73 पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना, म्हणजे शेतकऱ्यांचा कापूस सरकारनेच विकत घ्यायचा अशी व्यवस्था, चालू होती. कापूस उत्पादकांच्या दृष्टीने गिरण्यांची घसरण आणि कृत्रिम धाग्याला सवलत हे एकाच माराचे दोन फटके होते. हातमागवाल्यांनाही धास्ती होती. त्यांच्यासाठी 1985 च्याच कायद्याने 22 प्रकारचं कापड हातमागाला राखून ठेवलं. कायद्याविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या, 1993 मध्ये कायदा वैध ठरला आणि 1996 मध्ये यादी 11 वर आली. या सगळ्या वादात कापड किती टिकतं, किती पिकतं, किती खपतं याची मोजणी झाली. वापरून झाल्यावर त्या कापडाचं काय होतं, याचा हिशेब कुठल्याच बाजूने मांडला नाही. खरं तर सुती साडीला दुसरा जन्म होता आणि तो घरातल्या बाईच्या हातात होता. टिकाऊपणाच्या हिशेबात तो धरला असता, तर सुताची बाजू एवढी लंगडी दिसली नसती.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत सुरतेच्या साड्या गावोगाव पोचल्या. कापूस पिकवणाऱ्या गावांतल्या गोधड्यांवरही पॉलिएस्टरची फुलं आली.

पॉलिएस्टरच्या गोधडीत नेमकं काय बिघडतं? सूत हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या 7-8 टक्क्यांपर्यंत शोषून घेतं, पॉलिएस्टर जेमतेम 0.4 टक्के. म्हणून घाम अंगावरच राहतो. धागा गुळगुळीत असल्याने आतले थर सरकतात आणि धुण्यात गोळा होतात. जाड टाके घातले तर वरचं कापड चुण्या धरतं. विस्तवाजवळ सूत जळतं, पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. त्यामुळे चुलीपाशी निजणाऱ्या माणसासाठी आणि तान्ह्या बाळासाठी ते नकोच. एक गुण मात्र मान्य करायला हवा. नवरात्राआधी घरातली सगळी अंथरुणं नदीवर नेऊन धुवायची रीत ज्यांनी पाळली आहे, त्यांना भिजलेल्या सुती गोधडीचं वजन ठाऊक आहे. सिंथेटिक गोधडी दोघींऐवजी एकटीला पिळता येते.

दरम्यान दुसरीकडून ‘क्विल्टिंग’ आलं. अमेरिकेत 1971 साली न्यूयॉर्कच्या एका कलासंग्रहालयाने जुन्या रजया चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या, त्यानंतर तिथे या छंदाने पुन्हा जोर धरला. 1979 साली जपानमध्ये गोल फिरतं पातं निघालं आणि एकावर एक ठेवलेले थर सरळ कापणं सोपं झालं. तिकडच्या पद्धतीत कापड नवं, सुती आणि मापात कापलेलं असतं, शिवण पाव इंचाची आणि मध्ये थरांऐवजी तयार भरण. परदेशी राहणाऱ्या मराठी बायकांपैकी काहींनी हे शिकून घेतलं आणि व्हिडिओंमधून ते इकडेही पोचलं. आता पुण्या-मुंबईत ‘गोधडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी वस्तू खरं म्हणजे याच पद्धतीच्या असतात: नवं कापड, आत पॉलिएस्टरचं भरण, मशीनचा टाका. त्या देखण्या असतात, पण वर सूत आणि आत प्लास्टिक हा सौदा मला पटत नाही.

नव्याने शिवणाऱ्यासमोर आज हे दोन्ही वारसे एकदम येतात. सुरुवातीला दुपटं सगळ्यात सोपं: मलमलीचे किंवा जुन्या सुती साडीचे दोन थर, साधारण 90 सेंटिमीटरचा चौरस, कडेने दुमड आणि मध्ये धावदोऱ्याच्या चार ओळी. त्यानंतर बसकर, मग उशीचे अभ्रे, आणि हात बसल्यावर गोधडी. जुनं सूत पुरत नसेल तर कटपीसच्या दुकानातून मलमल, केंब्रिक किंवा पॉपलीन घ्यावं. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, बघून हिशेब करावा, आणि कापण्याआधी सगळं एकदा गरम पाण्यातून काढावं, कारण नवं सूत आटतं. लाल आणि गडद निळा रंग वेगळा भिजवून पाहावा. खणाचं कापड हल्ली फार चालतं, पण ते मुळात चोळीसाठी विणलेलं, अरुंद पन्ह्याचं. पट्टीला आणि कोपऱ्यांना शोभतं, अंगाखाली बोचतं. जीन्सचे तुकडे एका वस्तूत जीन्सबरोबरच वापरावेत, मलमलीशेजारी लावले तर तिला ओढून फाडतात. आणि दुकानदाराच्या ‘कॉटनच आहे’ या बोलण्यावर थांबू नये. दोन-चार धागे काढून चिमट्यात धरून जाळावेत. कागदासारखा वास येऊन भुरभुरीत राख झाली तर सूत, कडक मणी राहिला तर पॉलिएस्टर, दोन्ही दिसलं तर मिश्रण.

दुकानातलं हे मिश्रण कमी होण्याची चिन्हं नाहीत. 2017 साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा कापूस आणि सुती धागा 5 टक्क्यांवर होता, मानवनिर्मित तंतू आणि त्याचा धागा दोन्ही 18 वर; धागा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 12 वर आला. 22 सप्टेंबर 2025 पासून या दोन्हींवरचा करही 5 टक्के झाला. उद्योगाच्या दृष्टीने त्यामुळे कच्च्या मालावर तयार मालापेक्षा जास्त कर हा जुना गुंता सुटला. पण 1985 मध्ये दोन्ही धाग्यांना सारखं वागवायचं जे ठरलं होतं, त्याआड आलेला करातला फरकही आता उरलेला नाही.