आजारपणानंतरचा शोक: या मोजपट्ट्या आल्या कुठून?

महिना-दीड महिन्यात घरच्यांनी सावरायला हवं. शोकाच्या पाच पायऱ्या असतात. आजारपण लांबलं की मनाची तयारी झालेली असते, त्यामुळे धक्का कमी बसतो. या तीन समजुती इतक्या रुळल्या आहेत की त्या कुणी आणि कशावरून मांडल्या, हे सहसा कुणी विचारत नाही. तिन्हींचा माग लागतो. वर्षानुवर्षं आजारी माणसाची शुश्रूषा केलेल्या घराला डोळ्यांसमोर ठेवून मात्र यातली एकही तयार झालेली नाही.

सिग्मंड फ्रॉइडने १९१७मध्ये शोकावर लिहिलं तेव्हा त्याला आजार मानायला तो तयार नव्हता. गेलेल्या माणसात गुंतलेलं मन एकेका आठवणीतून हळूहळू सुटतं, त्यात ढवळाढवळ करणं निरुपयोगी, प्रसंगी घातकही, असं त्याचं मत होतं. मुदत त्याने घातली नव्हती.

मुदत आली १९४४मध्ये. २८ नोव्हेंबर १९४२ रोजी बॉस्टनमधल्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबला आग लागली आणि ४९२ माणसं गेली. मनोविकारतज्ज्ञ एरिक लिंडेमन यांनी या आगीतून वाचलेले, मृतांचे नातेवाईक आणि इतर शोकग्रस्त अशा १०१ जणांचा अभ्यास मांडला. त्यांनी टिपलेली शारीरिक लक्षणं आजही तंतोतंत पटतात: वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकणाऱ्या लाटा, घसा आवळणं, सारखे उसासे, अंगातलं बळ गेल्यासारखं वाटणं. पण साधा, गुंतागुंत नसलेला शोक आठ-दहा भेटींत, चार ते सहा आठवड्यांत मार्गी लावता येतो, असंही त्यांनी लिहिलं. पुढच्या संशोधनात हा अंदाज फार आशावादी ठरला, तरी महिना-दीड महिन्याची अपेक्षा टिकून राहिली.

मनाच्या आगाऊ तयारीची कल्पनाही त्याच लेखातली. तिथलं उदाहरण युद्धावर गेलेल्या सैनिकांच्या बायकांचं होतं. नवरा परतणारच नाही असं धरून त्यांनी आधीच इतका शोक केला की तो जिवंत परतल्यावर त्याच्याशी नातं जुळेना. तो नवरा दूर होता. आजाऱ्याजवळचा माणूस मात्र रोज त्याच्या अधिकच जवळ जात असतो: औषधाच्या वेळा, कूस बदलणं, रात्रीचे फेरे. त्यामुळे आधी केलेला शोक नंतरच्या शोकातून वजा होत नाही. मृत्यूआधीच ज्यांचा शोक तीव्र असतो, त्यांना नंतरही अधिक जड जातं, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं आहे.

पाच पायऱ्या एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांच्या, १९६९च्या. नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. शिकागोच्या रुग्णालयात त्यांनी दोनशेहून अधिक मरणासन्न रुग्णांशी बोलून ही मांडणी केली. मागे राहणाऱ्यांवर ती लावली गेली नंतर. शिकवायला सोपी म्हणून ती पसरली आणि तिचा जाच सुरू झाला. राग आलाच नाही तर आपलं काहीतरी चुकतंय असं वाटतं. स्वीकारानंतर पुन्हा रडू आलं तर आपण मागे घसरलो असं वाटतं. असा ठरलेला क्रम बहुतेकांच्या बाबतीत आढळत नाही.

घरच्या माणसांकडे नीट लक्ष गेलं ते हॉस्पिसमुळे, म्हणजे मरणासन्न रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेमुळे. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७मध्ये लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडलं. तिथे मनोविकारतज्ज्ञ कॉलिन मरे पार्क्स यांनी मृत्यूनंतरही कुटुंबाची विचारपूस चालू ठेवणारी सेवा उभी केली. कुणाला जास्त धोका आहे हे आधी ओळखायचं आणि प्रशिक्षित स्वयंसेवक त्यांच्याकडे पाठवायचे, ही पद्धत तिथे रुजली.

तरीही एक गोष्ट बोलली जात नव्हती: सुटल्याची भावना. २००३मध्ये अमेरिकेत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सांभाळणाऱ्या २१७ नातेवाइकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ७२ टक्क्यांनी सांगितलं की मृत्यूने आपली सुटका झाली. रुग्णाचीही सुटका झाली, असं ९० टक्क्यांहून अधिकांना वाटलं. या भावनेचा प्रेमाशी काही विरोध नाही. ती थकलेल्या शरीराची प्रतिक्रिया आहे, आणि तिची लाज बाळगून कितीतरी माणसं एकटी कुढत राहतात.

१९९९मध्ये शोकाचे अभ्यासक मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक स्खुट यांनी जे मांडलं, ते अशा घराला अधिक लागू पडतं. माणूस कधी दुःखात बुडतो, कधी रोजच्या कामाला लागतो, आणि ही ये-जा हेच सावरणं असतं. नुसती कागदपत्रं उरकत राहिलं किंवा नुसते रिपोर्ट चाळत बसलं, तर अडकायला होतं. म्हणून दोन्हींना वेळ द्यावा. कामाच्या बाजूला: उरलेल्या तीव्र वेदनाशामक आणि झोपेच्या गोळ्या आधी घराबाहेर काढाव्यात, त्या कुठे परत करायच्या हे औषधविक्रेत्याला विचारावं, स्वतःच्या पुढे ढकललेल्या तपासण्या करून घ्याव्यात. दुःखाच्या बाजूला: आजाराआधीचे फोटो बाहेर काढावेत, कारण नळ्या लावलेला शेवटचा चेहरा बाकीचे सगळे चेहरे झाकून टाकतो.

सर्वांत चिवट असतो तो निर्णयांचा सल. ऑपरेशनला नाही म्हटलं ते चुकलं का? काही आठवड्यांनी, फाइल आणि लिहून काढलेले प्रश्न घेऊन उपचार करणाऱ्या डॉक्टरांना भेटावं. त्याआधी कागदावर दोन रकाने करावेत: निर्णयाच्या दिवशी काय माहीत होतं आणि नंतर काय कळलं. स्वतःला दोष देताना माणूस बहुतेक वेळा दुसऱ्या रकान्यातली माहिती पहिल्यात घालत असतो.

शोक कधी उपचाराचा विषय होतो, याचे निकष अलीकडचे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात किमान सहा महिने आणि अमेरिकी मनोविकार संघटनेच्या २०२२च्या निकषांत प्रौढांसाठी किमान बारा महिने ही मर्यादा आहे. नुसते महिने पुरेसे नाहीत. गेलेल्या माणसाची तीव्र ओढ किंवा त्याच विचारांत गुरफटणं कायम असावं आणि त्यामुळे रोजचं जगणं अडलेलं असावं लागतं. आपणही मरावं असे विचार येत असतील तर मात्र मदत घ्यायला एक दिवसही थांबू नये.

अशा लांबलेल्या शोकासाठी अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ कॅथरीन शीअर यांनी सोळा भेटींचा उपचार बसवला. त्यात मृत्यूचा प्रसंग डोळे मिटून सांगायचा, तो ध्वनिमुद्रित करायचा आणि घरी ऐकायचा. सोबत टाळलेल्या जागा आणि माणसांकडे टप्प्याटप्प्याने परतायचं. २००५च्या चाचणीत त्याने ५१ टक्क्यांना फरक पडला, तुलनेतल्या दुसऱ्या मानसोपचाराने २८ टक्क्यांना. २०१६च्या चाचणीत या उपचाराला नैराश्यावरच्या गोळीची जोड दिली तेव्हा नैराश्य कमी झालं, शोक कमी होण्यात मात्र गोळीने वेगळी भर पडली नाही. त्यामुळे गोळी चालू असूनही ओढ तशीच असेल, तर डोस वाढवण्याआधी शोकावर काम करणाऱ्या समुपदेशकाबद्दल डॉक्टरांना विचारावं.